हमीदभाईंच्या कोर्टातली बॅटरी

हमीदभाईंसमोर बॅटरीला शिवी द्यायची सोय नव्हती. कुणी गाडी ढकलत ढकलत त्यांच्या टपरीसमोर आणली आणि घाम पुसत "ही मेली बॅटरी..." असं सुरू केलं, की ते हातातला पाना खाली ठेवायचे, फडक्यानं बॅटरीवरची धूळ पुसायचे आणि विचारायचे, "कायको गाली देते साहेब? गुन्हा साबीत झाला का तिचा?"

हर्सूलच्या रस्त्याला, आमच्या कॉलनीच्या तोंडाशी त्यांची पत्र्याची टपरी होती. वडील कोर्टात पट्टेवाले. लहानपणी हमीदभाई शाळेपेक्षा कोर्टाच्या व्हरांड्यातच जास्त बसले, आणि तिथली भाषा अंगात मुरली ती मुरलीच. गाडी चार्जिंग करत नाही म्हटलं की त्यांच्याकडे रीतसर खटला उभा राहायचा. बॅटरी म्हणजे फिर्यादी. डायनामो, तो फिरवणारा पट्टा आणि वायरी हे आरोपी. काट्याचं जुनं मीटर हा गवाह. आणि गाडीचा मालक कायम संशयित.

"लोक फिर्यादीलाच जेलात टाकतात," ते हळहळायचे. "नवी बॅटरी बसवतात. आठ दिवसांत ती बी मरते. खरा गुन्हेगार बॉनेटखाली मजेत बसलेला असतो." जेल तिथून फार लांब नसल्यामुळे हे बोलणं चांगलंच लागू पडायचं.

तपासाची रीत ठरलेली. आधी गाडी बंद ठेवून मीटर लावायचं, मग चालू करून. काटा बारा व्होल्टच्या आसपासच रेंगाळला, तर बॅटरीच्या पोटात काही जात नाही. चौदाकडे सरकला, तर डायनामो बेगुन्हा. मग पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, वायरींची टोकं हलवून बघायची. आणि शेवटी मालकाची उलटतपासणी. ती अशी, की लहानपणी चोरलेले पेरूसुद्धा माणूस कबूल करेल.

माझी जुनी मोटार मी त्यांच्याकडे नेली तेव्हा तिच्या दोन बॅटऱ्या झालेल्या होत्या. मीटर लागलं, काटा जागचा हलेना. हमीदभाईंनी पट्टा दाबला, वायरी पाहिल्या, मग सीटवर बसून किल्ली फिरवली आणि माझ्याकडे वळले.

"हितला लाल दिवा कुठं गेला?"

"काढला मी," मी म्हणालो. "गाडी सुरू करायच्या आधी दर वेळी लागायचा. घराबाहेर पडताना लाल दिवा बरा नाही वाटत."

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, तुमच्या गाडीत डायनामोला पहिला करंट त्याच दिव्यातून जातो. त्याला उठवणारालाच तुम्ही घराबाहेर काढलं. मग तो झोपंल नायतर काय करंल?" एवढासा बल्ब बसवला आणि काटा सरसर वर चढला. "आपल्या हातची गाडी परत येत नाय," ते म्हणाले. हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवत. त्याचा मला राग आला होता. पण गाडी खरंच परत न्यावी लागली नाही.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. आमची कॉलनी ज्वारीच्या रानात उभी राहिलेली. घरं झाली, गच्च्या झाल्या, गच्चीवर टाक्या झाल्या, फक्त टाक्यांत पाणी यायचं राहिलं. नळ अजून गावातच होता आणि आम्ही गावाबाहेर. सगळी भिस्त टँकरवर. टँकर चालवायचा कडूबा, फुलंब्रीकडचा. माणूस इतका गरीब, की कुणी पाइप ओढला तर हाच "सॉरी" म्हणायचा.

टँकरचा पट्टा हमीदभाईंनीच बसवून दिलेला, तरी त्या उन्हाळ्यात कडूबाच्या टँकरनं दोन बॅटऱ्या खाल्ल्या. भर गल्लीत सेल्फ मारावा आणि नुसती टकटक ऐकू यावी. मग आम्ही सगळे, हंडे खाली ठेवून, भरलेला टँकर ढकलणार. तुम्ही कधी ढकलला आहे का? ढकलू नका. टँकरच्या शेठनं कडूबाला सांगून टाकलं, "बॅटरीत तूच काहीतरी भानगड करतोस. तिसरी गेली की तूही जा."

कडूबा रडकुंडीला येऊन हमीदभाईंकडे आला. मीही गेलो, कारण आमच्या घरात तेव्हा दीड बादली पाणी होतं.

हमीदभाईंनी मीटर लावलं. काटा जिथं पाहिजे तिथं. पट्टा ताठ, वायरी साफ. "सगळे बेगुन्हा," ते पुटपुटले आणि अस्वस्थ झाले. आरोपी सुटतात आणि खून तर झालेला आहे, हे त्यांना सोसवेना. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. टपरीला कुलूप घातलं, मीटर मांडीवर घेतलं आणि दिवसभर कडूबाशेजारी बसून टँकरबरोबर फिरले.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. हातात एक कागद. तो मी लांबूनच ओळखला, कारण तो मीच लिहिला होता.

माझी नोकरी सरकारी कचेरीत मसुदे करण्यात गेली. त्यात मी कॉलनीचा सचिव. टँकरच्या धुरानं आणि घरघरीनं माझी दुपारची झोप मोडायची, आणि मागच्या गल्लीतल्या बायकांची तक्रार होती की टँकर आलेला कळत नाही. मी दोन्हींवर एकच सूचनापत्र काढलं होतं. 'एक : टँकर थांबताच इंजिन बंद करावे. दोन : त्यानंतर आगमनाची सूचना म्हणून दीर्घ हॉर्न द्यावा.' खाली सही, शिक्का. मसुदा इतका झकास उतरला होता, की आसपासच्या सहा कॉलन्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला. त्याचा मला अभिमान होता, तो मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

"कडूबा शिक्क्याला लई मानतो," हमीदभाई म्हणाले. "थांबला की इंजिन बंद. मग बॅटरीवर लांबलचक भोंगा. पाणी वाटलं की सेल्फ. शंभर पावलांवर दुसरी गल्ली, पुन्हा बंद, पुन्हा भोंगा, पुन्हा सेल्फ. डायनामो बिचारा भरायला बसतो न बसतो तोच त्याला उठवतात. दिवसभरात काटा खालीखालीच जातो. मी डोळ्यांनी बघितला."

"म्हणजे दोष..."

"गाडीत नाय, साहेब."

मी तिथल्या तिथं नवा कागद लिहिला, इंजिन चालू ठेवावे म्हणून, आणि सायकलवरून सहाही कॉलन्यांत देऊन आलो. टँकर सुरळीत झाला. कडूबाची नोकरीही राहिली. शेठला हमीदभाईंनी सगळं समजावून सांगितलं असणार, असं मी धरून चाललो. माझं नाव निघालंच असेल म्हणून आठ दिवस मी टपरीवर गेलो नाही.

नवव्या दिवशी गेलो, तर दोन टेम्पोवाले चहा पीत हसत होते.

"काय चाचा," एकजण म्हणाला, "पट्टा ढिला राहिला म्हनं तुमच्या हातून? शेठच्या दोन बॅटऱ्या घालवल्या की! चष्मा करा आता."

"व्हय बाबा," हमीदभाई म्हणाले. "उमर झाली."

मी चाट पडलो. "अहो, कसला पट्टा? तो तर..."

"साहेब, चहा," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात ग्लास दिला आणि मनगट असं धरलं, की मी गप्पच बसलो.

टेम्पोवाले गेले. मी म्हणालो, "हे काय केलंत? माझं नाव सांगायचं होतं."

"सांगितलं असतं. मग शेठ काय म्हनला असता? ह्या कॉलनीवाल्यांच्या कागदानं माझ्या बॅटऱ्या मारल्या, बंद करा ह्यांचं पाणी. आन् मालकाला न विचारता कागद ऐकला म्हणून कडूबा बी घरी."

"म्हणून तुम्ही आपल्या हाताला बट्टा लावलात? तुमच्या?"

रस्त्यानं एक टेम्पो फटफटत गेला, त्याच्या आवाजाकडे हमीदभाईंनी सवयीनं कान दिला.

"शेठला कुनाचं तरी नाव पायजे होतं, साहेब. कडूबाला तीन लेकरं हायेत. तुमच्याकडं एवढ्या बायका हंडे घेऊन उभ्या. मी एकटा. सांजच्याला खोलीवर जातो, भाकर टाकतो, झोपतो. मला हसले लोक, तर कुनाच्या पोटाला चिमटा बसतोय?"

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, की मला लाज वाटली. आमच्या दोघांच्या घरांत चालत पाच मिनिटांचं अंतर. त्यांनी माझी गाडी बरी केली, माझी अब्रू झाकली, आणि ते संध्याकाळी एकटे भाकरी थापतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"आज आमच्याकडे जेवायला या," मी म्हणालो.

"काय हाय आज? सण?"

"काही नाही. पिठलं आहे."

हमीदभाईंनी आधी हात पुसले, मग मान खाली घालून तेच फडकं उगाच पुन्हा पुन्हा झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "किती वाजता येऊ?"