कट्ट्याचे चोवीस दगड

सुभेदार लालासाहेबांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली होती, आणि त्यातली निम्मी समोरच्या डोंगरावर कोण काय करतंय हे दुर्बिणीतून बघण्यात गेली होती. त्यामुळे कोरेगावात घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून बायकोला सांगून टाकलं, "एजंट? आन् आपल्याला? अगं, बर्फात शत्रूची चौकी हुडकून काढलीय मी! कोरेगावात एक घर हुडकायला कुणाच्या बापाची मदत लागतीय?"

तीन महिने ते हुडकत राहिले. पहिलं घर त्यांनी रविवारी पाहिलं आणि शांतता बघून खूश झाले. सोमवारी कळलं, शेजारी पिठाची गिरणी आहे. दुसऱ्या घराच्या माडीवर बँजो पार्टीची रोज तालीम चाले. तिसरं घर मात्र उत्तम होतं! फक्त जो माणूस ते विकत होता, तो तिथला भाडेकरू निघाला.

बायको, क्रांतीताई, हे सगळं बघत होती. लग्न झाल्यापासून तिची फौजेची अकरा क्वार्टर बदलून झाली होती. दर बदलीत एक काळी पत्र्याची पेटी बरोबर असायची. आत आईनं दिलेली पितळी भांडी. ती तिनं कधी उघडलीच नव्हती. मांडायची आणि लगेच भरायची, कशाला? "ही पेटी मी एकदाच उघडणार," ती म्हणायची, "जिथनं परत उठायचं न्हाई तिथं." चौथं घर बघायच्या आधी तिनं गुपचूप बनुबाईंना फोन लावला.

बनुबाई म्हणजे नऊवारी, पायांत रबरी चप्पल आणि हातात साधा बटणांचा मोबाइल. तीस वर्षं त्यांनी कोरेगावात दारोदार दूध घातलं होतं. कुठल्या घरात भांडण आहे, कुठल्या भिंतीला ओल आहे, सगळं त्यांना पाठ! गुडघे दुखायला लागल्यावर दूध सोडून त्या घरांच्या व्यवहारात पडल्या.

"दूधवाली आता मला घर दाखवणार!" लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसले.

पण बनुबाईंची रीतच निराळी. त्या गिऱ्हाइकाला आधी घर दाखवतच नसत. नळाला पाणी सुटायच्या वेळी त्यांनी दोघांना चिंचेच्या गल्लीत बोलावलं, आणि एका बैठ्या घराच्या दारातल्या घडीव दगडाच्या कट्ट्याकडे बोट करून क्रांतीताईला म्हणाल्या, "बस हितं तासभर. घर आतनं कुणालाबी बघता येतंय. मी कट्ट्यावरनं दावती."

"आन् मी?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमी हुबं ऱ्हावा."

तासाभरात शेजारची पायल चहा घेऊन आली, समोरच्या दोघीजणी हंडे ठेवून टेकल्या. त्यातली एक क्रांतीताईच्या माहेरच्या गावची निघाली! अठ्ठावीस वर्षांत बायको एवढी मोकळी हसलेली लालासाहेबांनी पाहिली नव्हती. आत न जाताच ती म्हणाली, "आवं, ह्येच. ह्यो कट्टा असंल तर ह्येच घर."

मालक कोंडीबा सत्तरीचे. कट्टा त्यांच्या वडलांनी घडवून घेतलेला. ते मुलाकडे साताऱ्याला निघाले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विसार द्यायचं ठरलं.

इथे थांबले असते तर ते लालासाहेब कसले! दूधवालीच्या शब्दावर विसार द्यायचा? पाहणी नको? दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच ते टेप, वही, ब्रश आणि गेरूचा डबा घेऊन चिंचेच्या गल्लीत हजर झाले. फौजेत झाडाच्या बुंध्यालासुद्धा गेरू लागतो, आणि माणसाला एकदा ती सवय लागली की सुटत नाही. सामानाचा टेम्पो आत येईल का, हे बघायला त्यांनी गल्ली मोजली आणि ठिकठिकाणी भिंतींवर लाल बाण काढून फूट लिहिले. एवढ्यावर भागलं नाही. विसार घेतल्यावर मालकानं कट्ट्याचा एखादा दगड लांबवला तर? म्हणून त्यांनी दगडांवर एकेक नंबर घातला. एकूण चोवीस! वही मिटून ते समाधानानं घरी गेले.

गल्ली जागी झाली आणि बघते तर घराघरावर लाल बाण!

पत्र्याची शेड रस्त्यात काढलेल्या भाऊसोनं पहिला फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. "रस्ता रुंद व्हनार! माझं नऊ फूट गेलं!"

"एक सायब पहाटं मोजत हुता, मी खिडकीतनं बघितला!"

"मिशी हुती का?"

"लय मोठी!"

"मग वरचा सायब असणार!"

आठ वाजता भाऊसोनं शेड उतरवायला घेतली. कुणी पायऱ्या मागे घेतल्या, कुणी न्हाणीची भिंत पाडली. कोंडीबांनी डोळे पुसले आणि पहार मागवली. "वडलांचा कट्टा यंत्रानं फोडण्यापरीस मीच उतरवतो. दगुड तरी धड ऱ्हातील."

अकरा वाजता लालासाहेब कडक इस्त्रीत गल्लीच्या तोंडाशी उतरले. मागे क्रांतीताई आणि बनुबाई. काल त्यांना बघितलेली पायल आणि दोघीजणी पलीकडे कोंडीबांना दगड हलवायला मदत करत होत्या. समोर बाकी गल्ली मिशी बघून हात जोडून उभी!

लालासाहेबांचा ऊर भरून आला. फौजी माणसाला असा मान? एवढा?

"सायब," भाऊसो काकुळतीला आला, "कवा सुरू करणार?"

"आजच! अकराचा मुहूर्त हाय!"

"जरा मागं-म्होरं करता येईल का?"

"एक इंचसुद्धा न्हाई! मी सोता टेप धरलीय!"

मागे एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. लालासाहेबांना वाटलं, आनंदाश्रू. त्यांनी तिला सलाम ठोकला!

तेवढ्यात सगळे कोंडीबांच्या दाराशी पोचले. कट्ट्याच्या जागी दगडांचा ढिगारा होता, आणि क्रांतीताई त्याच्याकडे बघत होती. ती रडली नाही, रागावली नाही. हळूच म्हणाली, "चला. पेटी ऱ्हाऊ दे बंद." लालासाहेबांनी भिंतींवरचे आपलेच बाण बघितले, मग उतरवलेली शेड. सगळा उलगडा होऊन त्यांची मिशी आपोआप खाली आली.

"गेरू... मी लावला," ते पुटपुटले. "मी सायब न्हाई. मी गिऱ्हाईक हाय."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. भाऊसो हातात पत्रा घेऊनच धावला. कोंडीबा पहार आपटून म्हणाले, "सौदा मोडला! ह्या माणसाला घर न्हाई म्हंजे न्हाई!"

बनुबाई मात्र शांतपणे ढिगाऱ्यावर जाऊन बसल्या. "पायल, चहा टाक. सगळ्यांस्नी." चहा येईपर्यंत कुणाला भांडण नीट चालवता आलं नाही. बनुबाईंनी पदरानं एका दगडावरची धूळ पुसली. मग दुसऱ्याच्या.

"सुभेदार, ह्ये सात, ह्ये आठ. ह्ये कशाचं नंबर?"

लालासाहेबांनी मान खाली घातली. "मालकानं... दगुड लांबवू नयेत म्हणून."

"मला चोर म्हनतोस?" कोंडीबा उसळले.

"कोंडीबा," बनुबाई म्हणाल्या, "आजवर सात गिऱ्हाइकं आणली मी तुमच्या दारात. सातीजण म्हनले, कट्टा पाडून गाडी लावू. तुमच्या बापाच्या कट्ट्यातला एक दगुडबी कमी व्हऊ नये म्हणून पहाटं उठून नंबर घालणारं ह्येच एक खुळं गावलं. घर दुसऱ्या कुणाला द्यायचं सांगा?"

कोंडीबांनी वाकून सात नंबरावरून हात फिरवला. ओठ हलले, आणि एकदम खो खो हसू फुटलं.

"उठा सुभेदार," बनुबाईंनी हुकूम सोडला. "नंबर हायती. एकापास्नं लावा."

लालासाहेबांनी बाह्या सारल्या. सगळी गल्ली हातभाराला आली. कोंडीबा उभं राहून सांगत होते, "सात डावीकडं! आठ त्याच्या अंगाला!" दगड जिथल्या तिथे बसत गेले. पाच वाजता कट्टा पुन्हा उभा होता, तसाच्या तसा. मग भाऊसोची शेडही लालासाहेबांनीच चढवली, आणि पाडलेल्या भिंती-पायऱ्यांचा खर्च आपल्या वहीत लिहून घेतला. हाताला फोड आलेल्या सुभेदारांनी बनुबाईंसमोर टाचा जुळवून खराखुरा सलाम केला. अठ्ठावीस वर्षांत बऱ्याच जनरलांना केला होता. पण एवढ्या मनापासून एकालाही नाही.

पंधरा दिवसांनी पेटी आली. क्रांतीताईनं ती कट्ट्यावरच उघडली, पितळी तांब्या घासला आणि पहिलं पाणी बनुबाईंना दिलं.

गेरू काही निघाला नाही. आता संध्याकाळी बायका नंबरावर बसतात. पायल नऊवर, क्रांतीताई चारवर, बनुबाई आल्या तर एकवर. एकदा लालासाहेबही मोठ्या हौसेनं टेकायला आले, तर सगळ्यांनी त्यांना कट्ट्याखालचा एक दगड दाखवला. त्या दिवशी कट्टा लावून झाल्यावर एक दगड उरला होता. चोवीस नंबर!

"ह्यो कट्ट्याचा नव्हंच," पायल म्हणाली. "माझा धुण्याचा हाय, कट्ट्याला टेकवून ठेवलेला. तुमी घाईत त्याच्यावरबी नंबर घातला."

तेव्हापासून सुभेदार तिथेच बसतात. फक्त पायलनं बादली आणली की उठावं लागतं.