सरावाची वस्ती

समाजकार्य विभागाला शासनाचा निधी मंजूर झाला. होसकोटे रस्त्यावरच्या त्या राज्य विद्यापीठात अशी दुर्घटना पूर्वी कधी घडली नव्हती, त्यामुळे विभागप्रमुख दामोदर गलगली सरांनी मंजुरीचं पत्र दोनदा वाचलं आणि मग पाणी प्यायलं. निधी समाजकार्यकर्ते घडवण्यासाठी होता. अट एकच. पैसा प्रशिक्षणावरच खर्चावा. गरिबांवर दमडीही खर्च होता कामा नये, कारण ते प्रशिक्षणार्थी नाहीत.

सरांना मात्र पहिल्यांदा आठवली ती चंद्रव्वाच. विद्यापीठ बांधायला आलेले मजूर काम संपल्यावर आवारातच मागच्या कुंपणाशी पत्रे ठोकून राहिले होते, त्यातलं पहिलं घर तिचं. ती मूळची सीमेवरच्या अथणीकडची, म्हणून सर तिच्याशी घरच्यासारखं मराठी बोलत. विभागाची प्रत्येक तुकडी क्षेत्रकार्याला आधी तिच्या दारात जाई आणि विचारी, "आपल्या समस्या काय?" ती सांगे, नळ नाही. पोरं लिहून घेत, पदव्या घेत आणि महादेवपुऱ्यातल्या कंपन्यांच्या समाजसेवा खात्यांत चिकटत. नळ काही येत नसे.

"औंदा पोरास्नी काय सांगू सर?" चंद्रव्वानं विचारलं. "नळाचं सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय बगा. स्वल्प बदल करू का?"

"काही बदलू नकोस. यंदा नळ येणार. माझा शब्द आहे."

सर मनाचे चांगले होते, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. पुढं त्याचा काही उपयोग होत नाही.

वित्त अधिकारी देवव्रत यांनी नळाचा प्रस्ताव लाल शेऱ्यासह परत केला. सर तडक त्यांच्याकडे गेले.

"नळ लाभार्थ्यासाठी आहे, सर. बसत नाही," देवव्रत शांतपणे म्हणाले.

"आणि विद्यार्थ्यांनी नळाचा अभ्यास केला तर?"

"मग तो प्रशिक्षण साहित्य होतो. पण साहित्य विद्यापीठाच्या स्वतःच्या वास्तूत बसवावं लागतं. वस्तीत घालायचा तर वस्तीच विद्यापीठाची हवी. 'प्रात्यक्षिक वस्ती' म्हणून बांधून घ्या."

सरांचा जीव भांड्यात पडला. वस्ती तर वस्ती, नळ तर येईल! त्यांनी सही ठोकली. जागा कुठली, हे विचारायचं त्यांना सहीनंतर सुचलं.

"जागा तुम्हीच दाखवलीत की," देवव्रतांनी मूळ अर्ज पुढं केला. "'वस्ती विद्यापीठाच्या आवारातच असल्याने प्रवासखर्च शून्य.' आम्ही तपासलं. आवारात वस्तीची नोंदच नाही. म्हणजे जागा मोकळी आहे."

"अहो, तिथं माणसं राहतात!"

"तसं लेखी द्या. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही विद्यार्थी अतिक्रमणात पाठवत होता, हेही नोंदवता येईल. देता?"

निवृत्ती तोंडावर आली होती. सरांनी लेखी दिलं नाही.

जेसीबी आला तेव्हा चंद्रव्वा भांडी बाहेर काढत होती. सर कोपऱ्यावर उभे होते. त्यांना लाज वाटत होती. अगदी मनापासून वाटत होती.

"नळ घालायला घर कशाला पाडतासा, सर?"

"नियमात बसवायचं होतं, चंद्रव्वा."

ती के. आर. पुरमच्या पुलाखाली राहायला गेली. तिच्या जागी तशीच पत्र्याची घरं उभी राहिली, तेवढीच बुटकी, फक्त पत्रा उत्तम प्रतीचा. पहिल्या घरात नळ बसला. सरांनी सोडून पाहिला, तर काय, धो धो पाणी! त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात प्रकल्प समन्वयक शमिका धावत आली. पुण्याहून आयटीसाठी आलेली ही मुलगी नोकरी सोडून समाजकार्यात उतरली होती आणि कामाला वाघ होती.

"सर, प्लीज बंद करा! पाणी आलं तर स्टुडंट्स प्रॉब्लेम आयडेंटिफाय कसा करणार? टोटली अनरिअलिस्टिक वाटतं."

नळ आतून बंद करण्यात आला. छप्पर गळण्यासाठी मात्र बटण बसवलं.

आता उणीव होती ती गरिबांची. 'सराव लाभार्थी' या पदाची जाहिरात निघाली. मानधन, चहा, आणि रात्री त्याच घरात राहण्याची सोय. सरांनी स्वतः पुलाखाली जाऊन चंद्रव्वाला सांगितलं. आपण केलेलं आपणच निस्तरतोय, या विचारानं त्यांना त्या रात्री छान झोप लागली.

मुलाखतीला चंद्रव्वा धुतलेलं लुगडं नेसून आली. शमिकानं विचारलं, "आपल्या समस्या काय?"

"नळ नाही," ती म्हणाली, आणि समोरचा नळ बघून तिला हसू फुटलं. हसता हसता पदर तोंडाला लावावा लागला.

निवड महादेवपुऱ्याच्या एका नाट्यपदवीधर तरुणाची झाली. तो तिसऱ्याच वाक्याला रडला होता.

"अगं, तिला घे ना," सर अजिजीनं म्हणाले.

"सर, मलाही वाईट वाटतंय. पण तिच्याकडे अ‍ॅड्रेस प्रूफच नाहीये. आणि ऑनेस्टली, गरीब म्हणून ती कन्व्हिन्सिंग नव्हती."

निकालावर तिसरी सही सरांची हवी होती. त्यांनी क्षणभर पेन धरून ठेवलं, आणि केली.

चंद्रव्वा फाटकाशी थांबली होती. "माझ्याच घरात माझं सोंग करायला मी नापास, व्हय सर?" तिनं विचारलं. मग उत्तराची वाट न बघता "सरी, बरं" म्हणाली आणि पुलाकडे चालू लागली. त्याच वेळी पहिली तुकडी आत शिरत होती. एका मुलीनं वळून विचारलं, "त्या आजी कोण?" शमिका म्हणाली, "त्या मॉड्यूलमध्ये नाहीत."

प्रशिक्षण उत्तम चाललं आहे. वस्तीतल्या माणसाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची, आतून हळहळायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं, याला विभागात 'समानुभूती' म्हणतात. दोन श्रेयांक आहेत. दामोदर सरांना पैकीच्या पैकी मिळाले असते. चंद्रव्वासाठी तुम्हालाही आत्ता काहीतरी वाटलं असेल, तर अभिनंदन, तुम्हीही उत्तीर्ण आहात. जागचं उठायची अट अभ्यासक्रमात नाही. पान उलटलंत तरी चालेल.