बाबूजींचा वायपर आणि मी

वायपर मी दुरुस्त करतो, असं मी म्हणालो. तेवढंच म्हणालो हो!

माझे सासरे सुगनचंदजी, म्हणजे बाबूजी, यांची धुळ्यात कपड्यांची पेढी आहे आणि दारात लाल, दोन सीटची, वयाने माझ्यापेक्षा मोठी स्पोर्ट्‌स कार आहे. (मान तिलाच जास्त.) त्या दिवशी मेहुणीला, म्हणजे आयुषीला, आपल्या मुलासाठी बघायला धरणगावचे गेंदमलजी येणार होते. त्यांना जुन्या गाड्यांचं भारी वेड. बाबूजी त्यांना सोनगीरपर्यंत फिरवून आणणार होते, पण आभाळ भरून आलेलं आणि वायपर बंद!

"मेकॅनिकला बोलवा," माझी बायको रुची म्हणाली.

"मी असताना?"

"म्हणूनच म्हणते. तुम्ही उघडलात तेव्हापासून आपला मिक्सर नुसता ओरडतो."

मी दुर्लक्ष केलं. वायपर म्हणजे काय? एक मोटार. ती एक दातेरी केबल मागेपुढे ओढते, केबल दोन छोटी चाकं फिरवते आणि चाकांवर वायपरचे दांडे बसवलेले. (व्हिडिओ मी दोनदा पाहिला होता.) दांडे काढले, ग्रीस भरलं, मोटार चालवली. घुंईऽऽ! बंद केली, दांडे काचेच्या तळाशी ऐटीत आडवे बसवले आणि आंघोळीला गेलो.

गेंदमलजी आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर केशरी पगडी. दही-कचोरीची बशी हातात घेऊनच ते गाडीभोवती फिरले आणि बशी त्यांनी काचेजवळ बोनेटवर ठेवली. बाबूजींचा जीव कासावीस झाला, पण मुलीचा बाप काय बोलणार?

"वायपर चालतो?" गेंदमलजींनी वाकून विचारलं.

"आमच्या जवाईंनी स्वतः दुरुस्त केलाय. दाखवा, जवाईसा!"

मी स्टिअरिंगमागे बसलो आणि बटण ओढलं.

मोटार मघाशी फेरीच्या वरच्या टोकाला थांबली होती, म्हणजे आता ती दांडे खालीच ओढणार, हे मी बघितलंच नव्हतं. त्यामुळे वायपर काचेवर चढायचे सोडून खाली बोनेटवर आले. पहिल्या फटक्यात कचोरी धोतरावर. दुसऱ्यात दही पगडीवर. तिसऱ्यात पगडीच!

"ओ भाऊ," त्यांचा ड्रायव्हर भिकन ओरडला, "हाई ते बोनेट पुसी ऱ्हायनं!"

"बंद करा!" बाबूजी.

"करतोय!" मी जोर लावला आणि बटण माझ्या हातात आलं. वायपर चालूच. घाईत कोपर हॉर्नवर पडलं आणि सगळी गल्ली गॅलरीत आली.

शेवटी बाबूजींनीच बॅटरीची वायर उपटली. आयुषीचं लग्न मी बोनेटवरून पुसून टाकलं होतं. सासूबाई डोळ्याला पदर लावून उभ्या.

तेवढ्यात आयुषी पाण्याचा तांब्या आणि टॉवेल घेऊन पुढे आली. "काका, रागावू नका. जिजाजींनी पंखा दुरुस्त केला होता, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं."

गेंदमलजी आधी खोकले आणि मग असे हसले की त्यांना गाडीचाच आधार घ्यावा लागला.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "अट एकच. लग्नात थोरल्या जवाईंनी कशालाही हात लावायचा नाही."

बाबूजींनी ताबडतोब वचन दिलं. (माझं मत कुणी विचारलं नाही.)

लग्नाच्या दिवशी ऐन मंगलाष्टकांत माइक बंद पडला. मी सहज पाणी प्यायला उठलो, तर हातात वरमाला घेतलेली आयुषी स्टेजवरून किंचाळली, "जिजाजींना धरा!"

आणि चौघांनी धरलं.