शिरगुप्प्यांच्या राउटरचा पासवर्ड

नव्या राउटरला पासवर्ड म्हणून खरं गुपितच लागतं, आणि शिरगुप्प्यांच्या घरात दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत एकही धड गुपित सापडलं नव्हतं.

जुना राउटर सकाळी जळाला होता. चार वाजता ऋजुताची मुलाखत होती, शेवटच्या फेरीची. घरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तिच्या आईने, हेमलताबाईंनी, चार वेळा चौकात जाऊन, फोन करून नेटवाल्या मुजावरला बोलावून घेतलं होतं. त्याने राउटर भिंतीवर बसवला, नेटवर्कला नाव दिलं, टॅब हेमलताबाईंच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नियमच तसा होता.

हेमलताबाईंनी टाइप केलं, ‘हे शुगर असून पेढे खातात.’ पासवर्डखालची पट्टी लाल झाली. कमकुवत.

“काकांच्या पेढ्यांचं टाकलं का?” मुजावरने न वळता विचारलं. “ते सगळ्या चौकाला माहीत आहे, काकू.”

मग त्यांनी दिवाळीचा चिवडा विकतचा असतो, हे टाकलं. पट्टी पिवळी झाली.

“मध्यम चालत नाही का?”

“पाहुण्यांच्या नेटवर्कला चालतं. मुलाखत अर्ध्यात तुटेल.”

हेमलताबाई स्वयंपाकघरात गेल्या, गॅस पेटवला, बंद केला, परत आल्या. पुन्हा गेल्या. घड्याळात तीन पस्तीस झाले होते. आतल्या खोलीत ऋजुता स्वतःशीच उत्तरं म्हणून बघत होती. हेमलताबाई उभ्याउभ्याच टॅबवर झुकल्या आणि भराभर एक ओळ लिहिली. पट्टी हिरवी झाली.

“भक्कम,” मुजावर सही घेताना म्हणाला. “नेट वापरणाऱ्याला सांगायचं. बाहेर कुणाला कळलं की बंद पडणार, मग दुसरं लागेल.”

तो गेला आणि ऋजुता लॅपटॉप घेऊन आली.

“पासवर्ड सांग, आई.”

“मी टाकून देते ना.”

“ज्याचा लॅपटॉप त्यानेच टाकायचा. नाहीतर घेत नाही. सांग लवकर.”

हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“भरतेशचं पत्र आलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते मीच जाळलं.”

भरतेश बेळगावचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्याशी ऋजुताचं लग्न ठरलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी ते मोडलं होतं. त्यानंतर त्याच्याकडून एक शब्दही आला नाही, असं ऋजुता धरून चालली होती.

“कधी आलं होतं?”

“मोडल्यावर पंधरा दिवसांनी. तू तेव्हा कुठे दोन घास खायला लागली होतीस.”

“काय लिहिलं होतं?”

“मी उघडलंच नाही.”

ऋजुताने घड्याळाकडे पाहिलं. चारला सहा मिनिटं कमी होती. ती टाइप करू लागली.

“मध्ये जागा सोडायची?”

“नाही. सगळं सलग.”

ऋजुताची बोटं थांबली. “मी की मीच?”

“मीच.”

नेट लागलं. दार बंद झालं. हेमलताबाई बाहेर येरझाऱ्या घालत राहिल्या. कुठेही जायची तयारी आहे का, असं आतून कुणीतरी विचारलेलं त्यांना ऐकू आलं. ऋजुता लगेच हो म्हणाली.

पाऊण तासाने ती बाहेर आली.

“कशी झाली?”

“बरी झाली. कुठे अडकलं नाही.” तिने चपला घातल्या. “रेंज आहे तिथपर्यंत जाऊन येते.”

“चहा टाकलाय.”

“आल्यावर घेते.”

हेमलताबाई चहावर झाकण ठेवून राउटरसमोर जाऊन बसल्या. उठल्या, ओट्यावरून फडकं फिरवलं, पुन्हा येऊन बसल्या. सहाला पाच मिनिटं असताना राउटरचा दिवा लाल झाला. त्यांनी वायर काढून पाहिली नाही.

तेवढ्यात शिरगुप्पे कारखान्यातून आले. त्यांनी फोन पाहिला.

“नेट गेलं काय गं?”

“गेलं. आता दुसरा पासवर्ड लागणार. घरातलाच, कुणाला माहीत नसलेला.”

शिरगुप्प्यांनी हातपाय धुतले, टॉवेलने तोंड पुसलं आणि खुर्ची ओढून बसले. बराच वेळ ते टॉवेलची घडी घालत होते.

“माझ्याकडे एक आहे,” ते म्हणाले.