समासातला बिबट्या

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळी अकरा. जागा : देवळाचा सभामंडप, बोरी बुद्रुक. हजर : देवस्थान समितीची चिटणीस म्हणून मी, जुन्या पोथ्या तपासायला पुण्याहून आलेल्या मॅडम, पोथी सांभाळणारे तुकानाना आणि त्यांच्या पत्नी हौसाकाकू. गैरहजर : अध्यक्ष. ते कांद्याच्या गाडीबरोबर गेले.

विषय एकच. देवळाच्या हस्तलिखित पोथीच्या समासात विचित्र प्राणी आहेत, त्यांची यादी करणे.

तुकानाना हा मुळातच समासातला माणूस. पंगतीत टोकाला बसतात, लग्नात मांडवाच्या कडेला उभे राहतात, शेतातही बांधालगत दोन हात जमीन कोरी सोडतात. विचारलं तर म्हणतात, "कडंला जागा पायजे. मजकुराला धक्का न्हाई लागला पायजे." एकदा त्यांची मोटरसायकल शेजाऱ्याच्या ओट्यावर चढली. शेजारी ओरडला, "नाना, ओटा फुटला की माझा!" नानांनी वाकून पाहिलं. "कोपरा गेलाय राव. मजकुराला धक्का न्हाई."

मॅडम पानं उलटत होत्या, मी लिहीत होते. पान तीन : मासा, मिशा आहेत. पान सात : ससा, शिंगे दोन. पान अकरा : कोंबडा, पायांत वहाणा. काही पिढ्यांपूर्वी पोथी लिहिणाऱ्यानेच ते काढलेले. मॅडम खूश होत्या.

पान बावीसवर दोन पायांवर उभा बिबट्या होता, पाठीला काहीतरी बांधलेलं.

"पाण्याची पखाल दिसते," मॅडम म्हणाल्या. "फार दुर्मीळ आहे हं हे."

"पंप हाय तो," नाना म्हणाले. "फवारणीचा. सोळा लिटरचा."

मी पखाल खोडून पंप लिहिलं.

मॅडमनी चष्मा काढला. "हे तुम्ही काढलंत? एवढ्या जुन्या पोथीत?"

"एकवीस पानापत्तुरची जुनी हायती. फुडं समास मोकळाच व्हता."

मॅडम आवाज न चढवता चिडल्या. पोथी आजच पुण्याला न्यायची, नवी शाई काढता येते का बघायचं, आणि परत आल्यावर काचेच्या पेटीत ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. कधीही कुणाशी वाद न घालणाऱ्या नानांनी पोथीवर दोन्ही हात ठेवले. "न्हाई. न्यायची न्हाई."

का, ते सांगेनात. मी मापं लिहायला घेतली. बावीसवरचा बिबट्या बोटाएवढा. चाळीसवरचा रेडा तळहाताएवढा. सत्तरवरची पाल अक्षरांना टेकलेली.

"नाना, हे मोठे मोठे का होत गेले?"

"हिला कमी दिसाया लागलं," नाना म्हणाले.

हौसाकाकूंना ऐकू येत नाही, हे गावाला माहीत आहे. त्या शाळेतही गेलेल्या नाहीत. "दर श्रावणात मी पोथी वाचायचो, ही माझ्या तोंडाकडं बघत बसायची. समद्या बाया हसल्या की मागनं हसायची. मग म्हनलं, दर साली दोन-तीन जनावरं हिच्यासाठी काढावी. तेवढं तरी हिला कळंल."

"पण पोथीत बिबट्या कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"पोथीत राक्षस हाय. हिनं राक्षस कुठं पायलाय? बिबट्या पायलाय. उसाकडं गेली व्हती, पंप टाकून पळत आली."

काकूंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पान बावीस उघडं दिसल्यावर त्या पुढे सरकल्या, पानाला नाक लावलं आणि खो खो हसत म्हणाल्या, "मेल्यानं माझा पंप पळवला!"

मॅडमही हसल्या. मग ठरलं ते असं : श्रावण संपेपर्यंत पोथी गावातच राहील, शाई काढायची नाही, पण पोथीत नवीन काही काढायचं नाही. पान एकाहत्तरपासून पुढचे समास कोरे आहेत. मी सुचवलं, त्या पानांच्या मोठ्या कागदावर झेरॉक्स काढू, समास चार बोटं जादा, म्हणजे नानांना त्यात जनावरं काढता येतील.

"चार न्हाई ताई, वीतभर," नाना म्हणाले. "आन् लवकर. डाव्या डोळ्यानं आता उजेडच तेवढा दिसतोय तिला."

गुरुवारी मी पानांचे फोटो घेऊन झेरॉक्ससाठी आळेफाट्याला गेले. दुकानदाराने मशिनची काच पुसली. "मजकूर समदा यील ताई. कडा तेवढ्या कापल्या जातील."

"मला कडाच पाहिजेत."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड घेतलं.

शिल्लक काम : वीतभर समास सोडणारं मशिन शोधणे. पान एकाहत्तरचं वाचन शनिवारी आहे.