दुप्पट धोका आणि टवटवीत झाड

चहा उकळेपर्यंत पाच मिनिटं बातम्या बघाव्यात, एवढंच मिस्त्रींनी ठरवलं होतं. पाच मिनिटांत माणूस किती मूर्ख होऊ शकतो, याचा त्यांना अंदाज नव्हता. (चहा उतू गेला तो वेगळाच.)

टीव्हीवर लाल अक्षरं थयथयाट करत होती. निवेदक घसा फाडून विचारत होता, "मोतीबिंदूचं ऑपरेशन? थांबा! धोका दुप्पट झालाय! तुमच्या माणसाचा डोळा वाचेल का?" मग पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ आला आणि त्याने डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली अशी उंच धरली, जणू आत्ताच जीवावर उदार होऊन शत्रूच्या तावडीतून सोडवून आणलीय.

मिस्त्रींच्या बायकोच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं. डावा तर कधीच धुक्यात गेला होता.

आता हे मिस्त्री म्हणजे कोणी भित्रा माणूस नव्हे. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आलेले. लिफ्टमध्ये पाय टाकताना थरथरणाऱ्या शेकडो लोकांना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं, "अहो, आज हिने तीनशे फेऱ्या सुखरूप मारल्या, ते कुणी छापलं का? अडकते ती एक फेरी छापतात!" पण मोठ्या माणसांचं शहाणपण हे असंच. कामावर वापरायचं आणि घरी येताना हत्यारांच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचं.

त्यांनी गुपचूप दवाखान्यात फोन लावला. "गुरुवारचं रद्द करा."

"का हो?" नर्सने विचारलं.

"घरात अडचण आहे." (अडचण पावणेसहा फूट उंच होती आणि तिच्याच हातात फोन होता.)

बायकोला सांगितलं, डॉक्टर परदेशी गेलेत.

"कधी येणार?"

"ते... त्यांनाही माहीत नाही."

पाठोपाठ थेंबांच्या बारा बाटल्या घरी आल्या. "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी डोळ्यात पाणीसुद्धा घालणार नाही," असं बाईंनी ठणकावल्यामुळे त्या तशाच कपाटावर बसल्या.

तीन आठवड्यांत घराचं जे व्हायचं ते झालं. बैठकीच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या झाडाला बाई रोज सकाळी पाणी घालायच्या आणि वर सांगायच्या, "बघा, माझ्या हाताला गुण आहे. एक पान पिवळं पडलं नाही." खुंटीवरच्या रेनकोटला त्यांनी "या, बसा" म्हटलं आणि तो बसला नाही म्हणून दिवसभर फुरंगटून होत्या. मिस्त्रींनी मग दारांच्या चौकटींना पिवळ्या पट्ट्या मारल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला.

"घर आहे का कारखाना?" पोरगी म्हणाली. ती कॉलेज सोडून घरी बसली होती, त्यामुळे तिला दिसायचं जास्त. त्या वेळी तोच कार्यक्रम चौथ्यांदा चालू होता. "बाबा, दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?"

"टीव्हीवर सांगतायत ना."

"एकाचे दोन झाले तरी दुप्पट, हजाराचे दोन हजार झाले तरी दुप्पट. आधी किती होता ते विचारलंस?"

"तू आधी कॉलेज पुरं कर, मग मला शिकव," मिस्त्री म्हणाले. (उत्तर सुचलं नाही की वडील हेच म्हणतात.)

चौथ्या आठवड्यात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली. मिस्त्रींनी पाचव्या मजल्यावर, आपल्याच दारासमोर, लिफ्टचं दार उघडलं आणि समोर बोर्ड ठेवला. लालभडक, वीतभर अक्षरांचा: धोका! पुढे येऊ नये. कामात त्यांची चूक काढायची कुणाची टाप नव्हती. मग पाना शोधायला ते पेटीत वाकले.

"अहो, चहा आणलाय," मागून आवाज आला. "आत उभे आहात होय?"

त्यांनी मान वळवली. बाई कप सांभाळत बोर्डाला घासून पुढे निघाल्या होत्या. त्या काळ्या चौकोनाला लिफ्ट समजून त्यांनी पाऊल उचललं, आणि मिस्त्रींनी आयुष्यात मारली नव्हती अशी झेप घेऊन त्यांची कंबर धरली. दोघं धाडकन मागे पडले. कप मात्र पुढे गेला.

दोघंही श्वास रोखून ऐकत राहिले. काहीच ऐकू येईना. मग खूप खालून, दुसऱ्याच कुठल्या जगातून यावा तसा, इवलासा आवाज आला. टिंग.

छत्तीस वर्षं मिस्त्री त्या पोकळीत डोकावत आले होते. ती एवढी खोल आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"बोर्ड... दिसला नाही?"

"कुठला बोर्ड?"

तिथेच जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. परदेशी न गेलेल्या डॉक्टरांसकट. बाईंनी पदर झटकला. मग म्हणाल्या, "ऑपरेशनचा धोका दुप्पट. आणि या खड्ड्याचा किती, ते नाही सांगितलं तुमच्या टीव्हीने?"

पुढच्याच गुरुवारी ते दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, "ज्या दवाखान्यावरून ही बातमी केली, तो मला माहीत आहे. मागच्या वर्षी तिथे एकाच्या डोळ्यात जंतू गेले, यंदा दोघांच्या. झालं दुप्पट. ऑपरेशनं किती, तर वर्षाला चार हजार. त्या तिघांनाही आता दिसतं. बाकीच्यांकडे कॅमेरा गेलाच नाही."

"अडकते ती एक फेरी छापतात," मिस्त्री पुटपुटले. वाक्य ओळखीचं वाटलं त्यांना.

पट्टी निघाली त्या दिवशी बाई घरभर हळूहळू फिरल्या. "ही भिंत पांढरी आहे? मी इतकी वर्षं पिवळी समजत होते." चहाच्या वाफेकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, वाफ वळत होती, विरत होती, पुन्हा उठत होती. टॉवेलचा एकेक धागा. मिस्त्रींच्या हातावरची एकेक शीर. त्यांचं बघून मिस्त्रीही वाफेकडे बघू लागले, आणि पोरगीसुद्धा तोंड मिटून बसली. त्या घरात असं सहसा घडत नसे.

मग बाई झाडापाशी पोचल्या. पान चिमटीत धरलं. नखाने खरवडून पाहिलं.

तेवढ्यात टीव्हीवर लाल अक्षरं आली. बाईंनी मान तिरकी केली. "अहो, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय, वाचलंत का कधी? 'हा कार्यक्रम म्हणजे थेंबांच्या कंपनीची जाहिरात आहे.'"

मिस्त्री पडद्याला नाक लावून उभे राहिले. लिहिलेलं होतं. त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत होते.

बाईंनी कपाटावरून थेंबांची एक बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"झाडाला उद्यापासून तुम्ही घाला," त्या म्हणाल्या. "माझी नजर आता साफ झालीय."