दामूकाकांच्या वाजणाऱ्या शेंगा

दामूकाका वाळलेल्या शेंगा कानाशी धरून तपासायचे. रानातल्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या शेंगा. एक उचलायची, डोळे मिटायचे, तीनदा हलवायची आणि साहेबासारखा निकाल द्यायचा, "पास." नाहीतर, "रिजेक्ट." रिजेक्ट झालेली शेंग थेट काकूच्या सिगडीकडे जायची.

मी लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले, ती ह्या दोघांच्या शेजारच्या क्वार्टरात. मधली भिंत कसली, नुसता पडदा. काकूने तिकडे "चहा घ्या" म्हटलं की आमचे हे इकडे कप शोधायचे. क्वार्टरांची अख्खी लाइन काकूला 'तोफ' म्हणायची आणि सगळ्यात जास्त मीच हसायचे.

काका फॅक्टरीत तोफगोळे उडवून तपासायच्या कामावर होते. आठवडाभर धडामधूम, आणि सुटी लागली की सायकल काढून पनागरच्या रस्त्याला. परत येताना कॅरियरवर काशाच्या गवताचे तुरे, आघाड्याच्या काड्या, काय वाट्टेल ते. थंडीत वाळलेलं काही दिसलं की गड्याचा पाय निघत नसे. कपबशांत तुरे, देवांमागे तुरे, पिठाच्या डब्यावर तुरे. "हिरवं तर कोणालाही आवडते," ते म्हणायचे. "वाळल्यावर खरा माल समजते."

सगळ्यात लाडकी खुळखुळ्याची शेंग. थंडीत ती काळी पडून सुकते, आतल्या बिया सुटतात आणि हलवली की वाजते. एका साली थंडीत लढाई पेटली, तेव्हा फॅक्टरीच्या फाटकावर एकेकाचा डबा उघडून बघायचे. एका सकाळी काकांचा डबाच वाजला. दरबान दोन पावलं मागे सरला. "पंडितजी, डब्बे में क्या बज रहा है?" काका म्हणाले, "सुनो तो सही," आणि डबा त्याच्या कानाशी नेऊन हलवला. साहेब येईपर्यंत रांग खोळंबली. डब्यात भाजीपोळीच्या वर, वाटेत खुडलेल्या शेंगा निघाल्या.

त्याच साली त्यांची सुमन बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. संक्रांतीला त्याचं बोरन्हाण करायचं आणि दुसऱ्या दिवशी मायलेकरं इटारसीला सासरी जाणार. काकांनी जाहीर केलं, त्याआधी नातवाला बारा शेंगांचा खुळखुळा करून देणार, आणि एकूण एक शेंग पास झालेली. पण शेंगा काही पास होईनात. संक्रांत चार दिवसांवर आली आणि हाती दोनच. "ह्या साली मालच खराब येऊन राहिला," काका कुरकुरायचे. काकूची सिगडी मात्र झकास पेटायची.

मी विस्तव मागायला गेले होते, तर सिगडीपाशी टोपलीभर रिजेक्ट पडलेल्या. एक सहज हलवली. चांगली खणखणीत वाजली. दुसरीही. मी काकांच्या पाठीमागून म्हटलं, "काहो काका, ह्या तर वाजतात." ते वळलेच नाहीत. समोर जाऊन शेंग हलवली, तेव्हा त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काकूला सांगू नको," ते म्हणाले. "नातू हसते ते दिसते, बाई. ऐकू नाही येत."

उरलेल्या दहा शेंगा मग मी पास केल्या.

बोरन्हाणाला बाळ हलव्याचे दागिने घालून सुमनच्या मांडीवर बसलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले आणि लाइनीतली सगळी पोरं त्यांवर तुटून पडली. काकांनी बाळाच्या मागून खुळखुळा हलवला. बाळाने मान वळवली आणि असा चीत्कार केला की बोरं वेचणारी पोरंही थबकली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर, प्रश्न एकच. मी मान डोलावणार, तर शेजारीच काकू उभी.

काकूच पुढे झाली. अगदी त्यांच्या तोंडासमोर जाऊन, अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, ओरडला तो तुमच्या खुळखुळ्याला! पास!"

तिला सगळं कधीचंच ठाऊक होतं. इतकी वर्षं ती ओरडत होती ती ह्या माणसापर्यंत पोचावं म्हणून, आणि आम्ही तिला तोफ म्हणून हसत होतो. मला फार लाज वाटली, आणि डोळेही भरून आले.

काका मात्र खूश होऊन तिला म्हणाले, "एवढ्या जोरात काहून ओरडते? मी काय बहिरा आहो?" आणि पुन्हा खुळखुळा हलवायला लागले.